ऑपरेटरबाईंचं मत

भावना रोकडेला एका जागी बसवत नसे, आणि नोकरी तर दिवसभर एका जागी बसायची होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला फोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि टेबलाखाली सारखा हलणारा पाय. साहेबलोकांची भांडणं, कुणाच्या मुलीचं लग्न, आज पाणी का आलं नाही, टँकर कुठे अडकला, सगळं तिच्या कानावरून जायचं. पण या सगळ्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

२००६ च्या जून महिन्यात नोटीस बोर्डावर तिचं नाव लागलं, तेही तिला न विचारता. आदल्या वर्षीच्या पुरानंतर कंपनीने ब्लँकेटं वाटली होती. पुढे त्यातली बरीचशी उल्हासनगरच्या बाजारात कंपनीच्या शिक्क्यासकट विकायला दिसली, आणि एक नेमकं हेड ऑफिसच्या माणसाच्या हातात पडलं. त्यामुळे आता ठरलं की मदत कुणालाही उचलून द्यायची नाही. अर्ज मागवायचे, जाऊन बघायचं, मग पाच जणांच्या कमिटीने मत द्यायचं. कमिटीत एक बाई हवी असं हेड ऑफिसचं म्हणणं होतं. लॅबमधली केमिस्ट बाळंतपणाच्या रजेवर होती. उरली भावना.

बदलापूरला बेलवलीत बातमी तिच्या आधी पोचली. ती घरी आली तेव्हा शेजारच्या दोघी तिच्या सासूजवळ बसल्या होत्या. सासूबाई, म्हणजे सुंदराबाई, काही बोलल्या नाहीत. पण चहात आज आलं जास्त होतं. कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचे सासरे रामभाऊ ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झाले होते, आणि तेव्हापासून विहारामागची अभ्यासिका चालवत होते. एका खोलीच्या घरांतली पोरं-पोरी तिथे येऊन अभ्यास करायची. वर पत्रा, पत्र्याला भोकं, पावसात बाकं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे सरकवावी लागत. त्या खोलीत बसून कुणी पोस्टात लागलं होतं, कुणी नर्स झाली होती.

शेजारणी उघड म्हणाल्या, "आता तर घरचंच झालं की." रामभाऊंनी मात्र एका शब्दाने विषय काढला नाही. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. दादा मागतील, मग आपण काहीतरी सांगू, असं भावना चार दिवस मनाशी घोळत राहिली. दादांनी मागितलंच नाही. त्यांनी स्वच्छ अक्षरात अभ्यासिकेच्या नावाने अर्ज लिहिला, स्वतः अंबरनाथला गेले आणि बाकीच्यांसारखा गेटवर वॉचमनच्या हातात देऊन आले. सून आत फोनवर बसली होती. तिला निरोपसुद्धा दिला नाही. ते तिला संध्याकाळी कळलं, आणि मागितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटून गेलं. निदान 'नाही' असं तरी म्हणता आलं असतं.

आपले सासरे कोण हे तिने कमिटीत पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते तिला कळत होतं. पण पहिल्या बैठकीत पर्सोनेल मॅनेजर देवस्थळी साहेब बोलत राहिले, अकाउंट्सचे पै घड्याळ बघत राहिले, आणि सांगायची वेळ निघून गेली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं तर वाटलं, काल का नाही सांगितलं असं विचारतील. जसजसे दिवस गेले तसतसं ते सांगणं अवघड होत गेलं.

पाणी-पावसाचा जोर ओसरल्यावर कमिटी सुमोत बसून निघाली. पहिल्यांदा शिवमंदिराच्या बाजूला एक अन्नछत्र होतं, तिथे. सगळं लखलखीत. पितळी पातेली घासलेली, पंगत बसलेली, चालक मंडळी पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभी. देवस्थळींनी फोटो काढले. वर्क्स मॅनेजर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी खिचडीचा घास घेऊन मान डोलावली. खिचडी खरोखरच चांगली होती, आणि जेवणारे खरोखरच भुकेले होते. भावनाला त्यात काही खोट काढता आली नाही.

मग अभ्यासिका. भावनाने गाडीत मागची सीट धरली होती. दार उघडून उतरली तर समोर दादा, इस्त्रीचा शर्ट घातलेले. घरी आल्यागेल्याला ते "जयभीम" म्हणत. आज त्यांनी सगळ्यांना "नमस्कार" म्हटलं, आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "या मॅडम, बसा."

तिला काय करावं कळेना. ती बसली. एका मुलीने पाणी आणलं. ग्लास तिच्याच घरातले होते, त्यातल्या एकाला पोचा आला होता तो तिनेच पाडून आणलेला. दादा मोठ्या साहेबांना पत्रा दाखवत होते, कुठे गळतं, वरून सिमेंटचा स्लॅब टाकला तर काय होईल, ते सगळं नीट सांगत होते. तिच्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. कमिटीतला युनियनचा प्रमोद साळवे तिच्या कानाशी म्हणाला, "हे काम खरं आहे बघ. आपण दोघं इकडेच." तिने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. घरी आल्यावर दादा नेहमीसारखे जेवले. ग्लास धुऊन परत फळीवर लागले होते.

शेवटचा अर्ज बारवीच्या पाण्यापलीकडच्या एका पाड्यावरून आला होता. आश्रमशाळेच्या मास्तरांनी लिहून दिलेला, खाली बाळी नावाच्या बाईचा अंगठा. मागणी एकच होती, एक होडी.

रस्ता संपला तिथे सुमो थांबली. पुढे धरणाचं पाणी पसरलेलं, पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी दहाबारा कौलं दिसत होती. उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक चालत येत-जात. पाणी चढलं की डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा, नाहीतर तराफा. तो तराफा काठाशी होता: निळे रिकामे ड्रम, वर बांबू, सगळं दोरांनी आवळलेलं. ड्रम कुठल्याशा केमिकल कंपनीतून उल्हासनगरच्या भंगारात गेलेले आणि तिथून इकडे आलेले. बाळीचा भाऊ देऊ बांबू धरून उभा होता.

मोठ्या साहेबांनी बुटांकडे पाहिलं. देवस्थळी म्हणाले, इथून दिसतंयच की. पै गाडीतून उतरलेच नव्हते. प्रमोद म्हणाला, मला पोहता येत नाही. पोहता भावनालाही येत नव्हतं. पण काठावर उभं राहून परत जायचं तिच्याने होईना. सकाळपासून पाय नुसते वळवळत होते. तिने चपला हातात घेतल्या आणि तराफ्यावर जाऊन बसली.

पाणी ड्रमच्या फटींतून वर येत होतं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. बाळी तिच्यासमोर उकिडवी बसली होती, चाळिशीची असेल, पण अंग हलकं आणि कणखर. तिने विचारलं, "भ्या वाटतंय का, बाय?"

"वाटतंय," भावना म्हणाली.

"आमाला पन वाटतं. पोरांना शाळंत न्यायचं म्हंजे रोजचंच हाय."

पाड्यावर वेणू नावाची देऊची बायको भेटली. दोन वर्षांपूर्वी याच तराफ्यावरून ती घसरून पाण्यात गेली होती, पोटात सातवा महिना असताना. देऊने उडी मारून तिला केसांना धरून ओढलं. आता ते पोर अंगणात कोंबडीमागे धावत होतं. वेणू स्वतःच ते सगळं हसत सांगत होती, "केस व्हते म्हनून वाचले, नायतर कशाला धरला असता यानं?" आणि आपल्या अंबाड्याला हात लावत होती. भावनाला हसू येईना.

परत येताना बाळीने सहज विचारलं, "तुमच्या कंपनीला पानी हितलंच जातं ना?"

भावना हो म्हणाली. पाणी कमी आलं की तिच्याच बोर्डावर फोनांचा भडिमार व्हायचा. बाळीने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच ते भावनाच्या मनातून जाईना.

त्यानंतरचे दिवस तिचे वाईट गेले. बोर्डवर बसून ती चुकीच्या टेबलांना फोन जोडू लागली. नवऱ्याला, नरेंद्रला, तिने सांगायचा प्रयत्न केला, तो म्हणाला, "होडी चांगली आहे. पण दादांचं काय?" तोच तर प्रश्न होता. दादांना मत द्यावं तर उद्या आरशात बघायचं कसं, आणि होडीला द्यावं तर घरात बसायचं कसं. ती अभ्यासिकेवरून चालत घरी यायची, तेव्हा आत डोकी खाली घालून बसलेली पोरं दिसायची. ती पोरंही खोटी नव्हती.

गणपती उठल्यावर बैठक झाली. देवस्थळींनी मार्कांचं कोष्टक केलं होतं. काम दिसतं का, जवळ आहे का, एकदा दिलं की संपतं का, बोर्ड लावता येतो का, धोका आहे का. अन्नछत्राला भरपूर मार्क मिळाले. अभ्यासिका बरी होती. होडी धोक्याच्या रकान्यात अडकली.

"उद्या ती उलटली तर?" देवस्थळी म्हणाले. "नाव बुडाली तर आपलंही नाव बुडेल."

पै हसले, मोठे साहेबही हसले. कोटी चांगली जमली होती. भावनाला वाटलं, तराफा उलटला तर कुणाचंच नाव बुडत नाही, म्हणून तो चालतो का? पण ते तिला तोंडाने बोलता आलं नाही.

मतं सुरू झाली. पै आणि देवस्थळी अन्नछत्र. प्रमोद अभ्यासिका. मग सगळे तिच्याकडे वळले. मोठ्या साहेबांचं मत शेवटी होतं. प्रमोद खात्रीने तिच्याकडे बघत होता.

"आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच फोनवरचा वाटला. "अभ्यासिकेचे रामभाऊ रोकडे माझे सासरे आहेत."

पैंनी पेनाचं टोपण लावलं. देवस्थळी हळूच म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, हो, हवं होतं.

"पण मी त्यांना मत देतच नव्हते. मी होडीला देणार होते."

"ते आता कसं धरणार?" देवस्थळी म्हणाले, आणि त्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी बराच विचार केला. माणूस वाईट नव्हता. पण एकदा ब्लँकेटांनी हात पोळले होते. ते म्हणाले, मॅडमचं मत या वेळी धरू नये. आणि अभ्यासिकेचा अर्जही बाजूला ठेवावा, नाहीतर कंपनीने आपल्याच माणसाच्या घरी दिलं असं होईल. त्यांचं मत अन्नछत्राला गेलं. होडीवाल्यांना अगदीच नाही म्हणायला नको, म्हणून त्यांना लाइफ जॅकेटं द्यायचं ठरलं. जॅकेटात धोका नव्हता, आणि छातीवर कंपनीचं नाव छापता येत होतं.

बाहेर आल्यावर प्रमोद तिच्याशी बोलला नाही. जिन्यात एकदाच थांबला आणि म्हणाला, "गप्प बसली असतीस तरी अभ्यासिका शर्यतीत राहिली असती."

ते खरं होतं, आणि घरी तेच सांगायचं होतं. दादा ओट्यावर बसले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तुला तिथे मॅडम म्हटलं, ते कशासाठी होतं मग?"

तिने पर्स खांद्यावरून काढून ओट्यावर ठेवली.

"आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं वागलो, भावना. पोरांच्या डोक्यावर छत यावं म्हणून. ते तू सगळ्यांसमोर उघडं केलंस." चपला पायात सरकवत ते म्हणाले, "सांगायचं होतं तर पहिल्या दिवशी सांगायचंस. मीही अर्ज केला नसता."

मग ते उठून अभ्यासिकेकडे गेले. ते तिच्यावर ओरडले नाहीत. पण दिवाळी येईपर्यंत ते तिच्याशी कामापुरतंच बोलले, आणि सुंदराबाई दोघांच्या मधे निरोप्यासारख्या फिरत राहिल्या.

जॅकेटं दिवाळीच्या आधी वाटली. बारवीच्या काठावर कापडी फलक बांधला होता. नारिंगी जॅकेटं घालून पाड्यावरची माणसं ओळीने उभी राहिली, मोठे साहेब मधे, फोटो निघाला. बाळीने जॅकेटाचे पट्टे उलटसुलट करून पाहिले आणि भावनाला विचारलं, "हे घालून बसायचं कशात, बाय?"

देवस्थळींना ते ऐकू गेलं. ते गाडीकडे वळले.

त्या दिवसानंतर भावनाच्या पायाला मात्र काम मिळालं, म्हणजे हाताला मिळालं. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या ऑपरेटरणी एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या, पण आवाजाने ओळखत होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती एकेकीला फोन लावू लागली. तुमच्याकडे मदतीचं कोण ठरवतं? एका पाड्याला होडी मिळेल का? एकीकडे मालकाची बायको ठरवत होती, आणि ती फक्त गोशाळेला देत होती. एकीकडे ज्या नगरसेवकाचा फोन आधी येईल त्याचं मंडळ. एकीकडे पत्रिका बघून गुरुजी सांगत होते. एक कंपनी दरवर्षी फक्त वह्या देत होती, कारण वह्यांचा ठेका जावयाचा होता. ऐकता ऐकता तिला आपल्या कमिटीबद्दल जवळजवळ आदर वाटायला लागला. आपल्याकडे निदान कोष्टक तरी होतं.

थंडीत एका दुपारी बदलापूर एमआयडीसीतल्या फायबरच्या कारखान्यातून तिथल्या ऑपरेटर स्वप्नालीचा उलट फोन आला. तिथे पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या असलं काही बनत असे. मालक गोपीचंद सेठ उल्हासनगरचे.

"सेठ बोलतायत तुझ्याशी," स्वप्नाली म्हणाली.

"बोलो बहनजी, होडी पायजे ना?" सेठ म्हणाले. "एक पडून आहे माझ्याकडे. रिसॉर्टवाल्याने ऑर्डर केली, मग पळाला. गोडाऊनमधे जागा खाते. पण बदक आहे."

"बदक म्हणजे?"

"बदक म्हणजे बदक. पायडल मारायचं. चार माणूस बसतो. टेम्पो तुम्ही आणा."

भावनाने विचारलं, कमिटीपुढे वगैरे ठेवावं लागेल का. सेठ म्हणाले, "कसली कमिटी? बाजूला माझी टाकी ठेवायला जागा होते, तुमचा पाडा पार होतो. बस्स." आणि फोन ठेवला.

टेम्पो नरेंद्रने मित्राचा आणला. रविवारी सकाळी निघताना दादा कधी येऊन पुढे बसले ते तिला कळलं नाही. त्यांच्या मांडीवर पाने-पकडींची पिशवी होती. बेलवलीतून पांढरंशुभ्र बदक जाताना लोक थांबून बघत होते. एका चहावाल्याने कुठे जत्रा आहे का विचारलं.

पाण्यात घातल्यावर पायडलं दहा हातांवर अडकली. शेवाळ गुंतत होतं. दादांनी पँट वर करून, पाण्यात उभं राहून, पायडलं आणि मागचा पंखा काढून टाकला. देऊने दोन लाकडी वल्ही आणली. बदकाची लांब मान वाऱ्याला आडवी येत होती. देऊने करवत आणली आणि मान कापायची का म्हणून भावनाकडे पाहिलं. तिने दादांकडे पाहिलं.

"काप," दादा म्हणाले. "नाव चालली पाहिजे. बदक काय करायचंय?"

पाड्यावरच्या पोरांनी त्यावर रडून गोंधळ घातला, म्हणून ती मान वेणूच्या अंगणात रोवून ठेवली.

परत येताना दादा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू त्या दिवशी बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही."

"मीही म्हणत नाही," भावना म्हणाली.

"पत्रा आम्ही बघू. वर्गणीने होईल. हळू होईल." अभ्यासिकेला स्लॅब पडला नाही. दोन उन्हाळ्यांत मिळून जुने पत्रे निघाले आणि नवे लागले, आणि भिंत पुढच्या वर्षावर राहिली.

कंपनीत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. वर्षअखेरीच्या अहवालासाठी देवस्थळींनी भावनाला बोलावून विचारलं की ती होडी, त्यात आपली जॅकेटं घातलेली माणसं, असा एखादा फोटो आहे का. ती म्हणाली, होडी आपली नाही. ते म्हणाले, जॅकेटं तर आपली आहेत ना. फोटो त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून मिळवला आणि छापला. तिने त्यावर भांडावं असं एकदा मनात आणलं, मग सोडून दिलं. पुढच्या वर्षी कमिटीच्या नोटिशीत तिचं नाव नव्हतं. लॅबमधली केमिस्ट रजेवरून आली होती. वॉचमनने विचारलं, बाई, तुम्हाला काढलं का? ती म्हणाली, मोकळी झाले. पण ते तितकंसं खरं नव्हतं. केमिस्टला गाठून तिने सांगितलं की काठावरून बघू नका, पलीकडे जा. केमिस्ट बरं म्हणाली. गेली की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा भावना एक दिवस रजा टाकून एकटीच बारवीला गेली. मुंडकं नसलेलं पांढरं बदक काठाला बांधलं होतं, ती त्यात जाऊन बसली. बाळी वल्ही मारत होती, दोन पोरी दप्तरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगातली नारिंगी जॅकेटं त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. पाण्याच्या मधोमध बाळी म्हणाली, होडी बरी हाय. पण संध्याकाळी काठ दिसत नाही, दगडाला आपटते. तिकडे खांबावर एक दिवा लागला तर.

"कुनाला सांगायचं गं, बाय?"

दिवा कोण देतं, वीज कोणाकडे, कुठल्या कंपनीत आता कोण ठरवतं, हे भावनाचं डोकं तिथेच, पाण्यावरच, धुंडाळायला लागलं होतं. बदक काठाला लागलं तरी तिला उतरायचं भान नव्हतं, आणि बाळीने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे ती उठली.